'चालू', 'निरंतर', 'प्रलंबित', 'आवर्ती': कुठल्या कागदात नेमका कोणता शब्द?

मसुदेकार

एक सेवा करार, एक हमीपत्र आणि एका अभ्यासक्रमाची नियमावली, असे तीन कागद मराठीत आणायचे आहेत. मूळ मसुद्यात कंटिन्युइंग, ऑनगोइंग, रनिंग, रिकरिंग, पेंडिंग हे शब्द पानोपानी आहेत आणि पहिल्या मराठी खर्ड्यात त्या सगळ्यांच्या जागी 'चालू' येऊन बसलाय. चालू हमी, चालू उल्लंघन, चालू खाते, चालू दावा, चालू मूल्यमापन. कानाला खटकत नाही, पण या पाचांचा कायदेशीर परिणाम एकसारखा नाही हे नक्की. कोणता शब्द कुठे वापरावा, आणि चुकीचा वापरला तर प्रत्यक्षात काय बिघडतं, हे जाणकारांनी सांगावं. शब्दकोशातला प्रतिशब्द नको, वापरातला फरक हवा.

शिरस्तेदार

हमीपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होते.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२९ प्रमाणे, जी हमी एका व्यवहारापुरती नसून व्यवहारांच्या मालिकेला लागू होते ती कंटिन्युइंग गॅरंटी. अशी नसलेल्या हमीचे अधिनियमातलेच उदाहरण आहे: पाच पोती पीठ द्यायचे, महिन्याने पैसे द्यायचे, त्या पैशांची हमी. पाच पोत्यांचे पैसे चुकते झाले की ही हमी संपली. नंतर आणखी चार पोती उधार दिली तर जामीनदाराचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे इथे 'चालू' हा शब्द किती काळ हे सांगत नाही, किती व्यवहार हे सांगतो. 'ही हमी चालू राहील' एवढेच लिहिले तर वाचणारा त्याचा अर्थ 'रद्द झालेली नाही' असाही घेऊ शकतो.

बरेच जण इथे 'निरंतर हमी' लिहितात. मला तो शब्द पटत नाही. निरंतर म्हटले की कधीच न संपणारी असे वाटते, आणि कायदा तर उलटे सांगतो. कलम १३० प्रमाणे जामीनदार धनकोला नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती हमी केव्हाही मागे घेऊ शकतो. कलम १३१ प्रमाणे जामीनदाराचा मृत्यू झाला की, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, पुढच्या व्यवहारांपुरती हमी आपोआप संपते. भागीदारी संस्थेला किंवा तिच्या व्यवहारांसाठी दिलेली अशी हमी संस्थेचे भागीदार बदलले की पुढच्या व्यवहारांपुरती रद्द होते. ते भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३८ मध्ये आहे आणि तिथेही वेगळे ठरवण्याची मुभा आहे.

म्हणून विशेषणावर विसंबू नका, वाक्य लिहा: 'ही हमी मूळ ऋणको व धनको यांच्यात वेळोवेळी होणाऱ्या सर्व व्यवहारांस, एकूण रक्कम रु. अमुक या मर्यादेपर्यंत, लागू राहील.' यातला 'वेळोवेळी' हा खरा कामाचा शब्द आहे. जुन्या दस्तांत तो उगाच भरतीला येत नसे.

रोजकीर्द

वरच्यात एक व्यवहारातली भर. हमी मागे घेतली किंवा जामीनदार वारला, तर धनकोने ऋणकोचं ते खातं तिथेच बंद करून पुढचे व्यवहार नव्या खात्यात घ्यावेत. नाही तर काय होतं? खातं तसंच पुढे चाललं आणि कोणती रक्कम कशापोटी हे कोणीच सांगितलं नाही, तर येणारा प्रत्येक भरणा सर्वांत जुन्या देण्यात वळता होतो (करार अधिनियम, कलम ६१). म्हणजे जामीनदाराच्या वाट्याचं जुनं देणं हळूहळू फिटत जातं आणि नवं देणं बिनहमीचं उभं राहतं. एकूण बाकी तेवढीच दिसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने हा नियम १८१६ मध्ये क्लेटनच्या प्रकरणात मांडला. बँकवाले आजही त्याच नावाने ओळखतात.

तूर्तातूर्त

आता उल्लंघन. मुदत अधिनियम, १९६३ चे कलम २२ म्हणते की कराराचा भंग किंवा अपकृत्य (दुसऱ्याला इजा करणारे बेकायदा कृत्य) चालू राहणारे असेल, तर ते चालू आहे तोवर दावा लावण्याची क्षणोक्षणी नवी मुदत सुरू होते. या एका कलमामुळे 'चालू उल्लंघन' हा शब्द प्रत्येक दाव्यात घुसवला जातो आणि बहुतेक वेळा चुकीचा असतो.

कसोटी १९५९ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे, आणि प्रकरण आपल्या आळंदीचेच आहे: गुरव विरुद्ध ज्ञानेश्वर महाराज संस्थान. पूजेच्या वंशपरंपरागत हक्कावरून दूर केले ही चालू राहणारी इजा आहे, म्हणून मुदत संपलेली नाही, असे गुरवांचे म्हणणे. न्यायालयाने फरक केला तो असा: कृत्याने इजा पूर्ण झाली आणि त्या इजेचा परिणाम पुढे चालू राहिला, तर ते चालू अपकृत्य नव्हे. कृत्यच असे असेल की इजा होणे थांबत नाही, तरच ते चालू. हक्कावरून पूर्णपणे दूर केले तिथे इजा त्या क्षणी पूर्ण झाली.

शेजाऱ्याने भिंत पाडली, ही इजा पूर्ण झाली. भिंत पडलेलीच आहे म्हणून उल्लंघन 'चालू' होत नाही. शेजारी रोज सांडपाणी तुमच्या जमिनीत सोडतो, हे चालू.

मराठीत हा फरक क्रियापदाने स्पष्ट होतो. 'नुकसान सोसत आहे' आणि 'नुकसान करीत आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. मुदतीचा फायदा दुसऱ्या वाक्याला मिळतो.

आडवाट

मग भाडेकरू दर महिन्याला भाडं थकवतो, ते चालू उल्लंघन ना? रोजच्या रोज थकलेलंच असतं की.

तूर्तातूर्त

नाही. ते एकामागून एक होणारे स्वतंत्र भंग आहेत. प्रत्येक महिन्याचे भाडे ज्या दिवशी देय झाले त्या दिवसापासून त्या महिन्याची तीन वर्षांची मुदत वेगळी मोजायची (मुदत अधिनियमाच्या अनुसूचीतील अनुच्छेद ५२). पाच वर्षांचे थकलेले असेल आणि दावा आज दाखल केला तर मागची तीन वर्षेच हाती लागतात. यासाठी शब्द 'आवर्ती' किंवा साध्या भाषेत 'दरमहा नव्याने होणारा'. 'सतत' नको. सतत म्हणजे मध्ये फट नाही. आवर्ती म्हणजे फट आहे, पण पुन्हा येते.

फौजदारीत हाच प्रश्न अधिक तिखट होतो. एका खाणमालकाने वार्षिक विवरणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत दिले नाही. देवकरण नेनशी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तारीख उलटताच गुन्हा पूर्ण झाला, तो चालू गुन्हा नव्हे. पण १९८४ च्या भगीरथ कनोरिया निकालात मालकाने भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी न भरणे हा चालू गुन्हा ठरला. दोन्हीकडे 'भरले नाही' असेच आहे. फरक कलमाच्या हेतूत आहे, शब्दात नाही. चालू गुन्ह्याच्या मुदतीची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४७२ होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ५१८ आहे. जुने मसुदे कॉपी करताना क्रमांक बदला.

रोजकीर्द

'चालू खाते' हा तर आणखी घोळाचा. बँकेतलं चालू खातं हा खात्याचा प्रकार झाला. मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद १ मधलं खातं वेगळं: परस्पर, खुलं आणि चालू. तिन्ही अटी लागतात. तसं असेल तर शेवटची मान्य किंवा सिद्ध झालेली नोंद ज्या वर्षात आहे ते वर्ष संपल्यापासून तीन वर्षं मिळतात, आणि वर्ष म्हणजे खात्यात धरलेलं वर्ष. ३१ मार्चला वर्ष संपत असेल आणि शेवटची नोंद एप्रिलमधली असेल, तर जवळजवळ चार वर्षं हातात येतात.

पण 'परस्पर' या शब्दावर दावे आपटतात. मी माल देतो, तुम्ही अधूनमधून पैसे देता, याला परस्पर म्हणत नाहीत. तो एकतर्फी उधारीचा हिशेब. दोन्ही बाजूंनी स्वतंत्र देणी निर्माण व्हायला हवीत, म्हणजे तुम्ही मला माल देता आणि मीही तुम्हाला दुसरा माल किंवा सेवा देतो, कधी बाकी तुमच्याकडे निघते, कधी माझ्याकडे. नुसती उधारी असेल आणि उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्याच्या तारखेपासून प्रत्येक बिलाची तीन वर्षं (अनुच्छेद १४).

इथे वाचवतं ते मुदत अधिनियमाचं कलम १९. मुदत संपायच्या आत अंशतः भरणा झाला आणि त्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीच्या लेखात असेल, तर नवी मुदत सुरू होते. म्हणून भरणा घेताना 'खात्यात जमा' एवढ्यावर भागवू नका, कोणत्या बिलापोटी ते लिहून सही घ्या. बाकी कबुलीचं पत्र वर्षाकाठी घ्यायची पद्धत याचसाठी आहे, ऑडिटरच्या हट्टासाठी नाही.

बांधकामातलं 'रनिंग बिल' आणखी निराळं. तिथे मोजमाप पुस्तिकेत नोंदलेल्या कामाचं टप्प्याटप्प्याने बिल निघतं आणि ती रक्कम अंतिम बिलापोटी उचल समजली जाते. प्रत्येक बिलात सुरुवातीपासूनचं एकूण काम दाखवून आधीची देयकं वजा करतात. याला मराठीत 'चालू बिल' लिहिलं की 'चालू महिन्याचं बिल' असा अर्थ होऊन पहिल्या पानापासून हिशेब चुकतो. 'रनिंग बिल' असंच ठेवा, साइटवर सगळे तेच म्हणतात.

मसुदेकार

सेवा करारात दर महिन्याला बिल देण्याचं कलम आहे, करार वर्षाचा. त्याला 'सततची सेवा' म्हणू की 'आवर्ती सेवा'?

करपत्रक

जीएसटीच्या दृष्टीने दोन्ही एकाच व्याख्येत बसतात. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम २(३३) मध्ये सेवेचा अखंडित पुरवठा म्हणजे करारानुसार तीन महिन्यांहून अधिक काळ, सतत किंवा आवर्ती स्वरूपात, ठरावीक काळाने पैसे देण्याच्या बंधनासह दिलेली सेवा. दोनच महिन्यांचा करार असेल तर मसुद्यात 'सतत' शंभर वेळा लिहिलं तरी ती या व्याख्येत येत नाही. वस्तूंची व्याख्या २(३२) मध्ये आहे आणि तिच्यात तीन महिन्यांची अट नाही.

याचा परिणाम बीजक (इन्व्हॉइस) कधी काढायचं यावर होतो, कलम ३१(५). पैसे देण्याची तारीख करारातून कळत असेल तर त्या तारखेला किंवा तिच्याआधी बीजक. कळत नसेल तर पैसे मिळतील तेव्हा किंवा त्याआधी. एखादं काम पूर्ण होण्याशी पैसे जोडलेले असतील तर ते पूर्ण होईल तेव्हा किंवा त्याआधी. म्हणून 'पैसे वेळोवेळी दिले जातील' हे वाक्य इथे घातक. हमीपत्रात जो 'वेळोवेळी' कामाचा ठरला तोच इथे तारीख गायब करतो. 'प्रत्येक महिन्याच्या ७ तारखेपर्यंत' असं लिहा.

रोजकीर्द

आलोय तर गोइंग कन्सर्नचंही बोलतो. कोणी 'चालू संस्था' म्हणतं, कोणी 'चालता व्यवसाय'. मला दुसरा बरा वाटतो, कारण हिशेबात मुद्दा आज दुकान उघडं आहे की नाही हा नसतो. नजीकच्या काळात व्यवसाय बंद करायचा हेतू नाही आणि तशी वेळही येणार नाही, हे ते गृहीतक. भारतीय लेखा मानक १ प्रमाणे व्यवस्थापनाने अहवाल काळाच्या अखेरीपासून किमान बारा महिन्यांचा विचार करायचा. लेखापरीक्षकासाठी मानक ५७०. गृहीतक ढासळलं की यंत्रसामग्री खर्च वजा घसारा या किमतीने दाखवता येत नाही, विकून काय येईल ते बघावं लागतं, आणि लांबच्या मुदतीची देणी जवळची होतात.

विक्री करारात मात्र हाच शब्द वेगळं काम करतो. व्यवसाय अख्खा किंवा त्याचा स्वतंत्र चालू शकणारा भाग 'चालता व्यवसाय' म्हणून हस्तांतरित केला तर त्या सेवेवर जीएसटी माफ आहे (अधिसूचना १२/२०१७, नोंद २). नुसती यंत्रं विकली आणि शीर्षकात 'चालता व्यवसाय' लिहिलं तर माफी मिळत नाही. नोकरवर्ग, करार, देणी, परवाने यांचं काय होणार हे कलमांत यायला हवं.

शिरस्तेदार

'चालू दावा' मात्र कृपा करून काढा. दाव्यासाठी 'प्रलंबित'. आणि त्याची शेजारची मंडळीही वेगळी ठेवा. तहकूब म्हणजे पुढची तारीख दिली. स्थगित म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने थांबवले. न्यायप्रविष्ट म्हणजे विषय न्यायालयासमोर आहे, म्हणून इतरांनी त्यावर भाष्य टाळावे. तहकूब दावा प्रलंबितच असतो. स्थगित दावाही प्रलंबितच असतो.

प्रलंबित कधीपर्यंत? मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ चे स्पष्टीकरण वाचा. वादपत्र दाखल झाल्यापासून, अंतिम हुकूमनाम्याची पूर्ण फेड किंवा अंमल होईपर्यंत. निकाल लागला म्हणजे प्रलंबन संपले हा समज चुकीचा आहे. दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलासाठीचा अर्ज) चालू असताना घेतलेली मिळकतही त्या निकालाला बांधील राहते. महाराष्ट्रात मात्र १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे दावा प्रलंबित असल्याच्या नोटिशीची नोंदणी करावी लागते, तरच हे कलम लागू होते. खरेदीदाराने शोध घेताना ही नोटीस पाहावी आणि वादीने दावा दाखल होताच ती नोंदवावी.

मनाईबद्दलही असेच. निकालापर्यंतची ती तूर्तातूर्त मनाई, निकालाने मिळते ती कायमची मनाई. 'मनाई कायम केली' याचा अर्थ मात्र आधी दिलेली तूर्तातूर्त मनाई दोन्ही बाजू ऐकून तशीच ठेवली. एक 'ची' गाळली की अशील पेढे वाटायला निघतो.

खडूफळा

शिक्षणाकडे कोणी वळत नाही म्हणून लिहितो. शाळेच्या कागदात 'चालू मूल्यमापन' चालणार नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २९(२)(ज) मधल्या कल्पनेला महाराष्ट्रात 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' हाच रूढ शब्द आहे, आणि त्याचे दोन भाग: आकारिक आणि संकलित. शिकत असताना होतं ते आकारिक, सत्राच्या शेवटी होतं ते संकलित. २०१० च्या शासन निर्णयात पहिली-दुसरीला आकारिक ७०, संकलित ३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६० असं ठरलं होतं. इयत्ता वाढते तसं पारडं फिरतं.

गडबड होते ती 'सातत्यपूर्ण' म्हणजे 'सारख्या परीक्षा' असं समजल्याने. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय या साधनांत चाचणी हे फक्त एक साधन. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात बसून सगळ्या नोंदी मागच्या तारखांनी भरल्या तर नाव आकारिक राहतं, काम संकलित होतं.

महाविद्यालयीन नियमावली असेल तर 'टर्म' या शब्दाकडे लक्ष द्या. सत्र 'मंजूर' होणं म्हणजे हजेरी आणि सत्रकार्य पुरं होणं, उत्तीर्ण होणं नव्हे. एटीकेटी म्हणजे शब्दशः सत्र राखण्याची परवानगी: काही विषय राहिले असूनही पुढच्या वर्गात बसता येतं. म्हणून 'एटीकेटीधारक' हा नापासही नाही आणि पासही नाही. नियमात 'राहिलेल्या विषयांसह पुढील वर्गात प्रवेश' असं लिहावं आणि ते विषय केव्हापर्यंत सोडवायचे तेही लिहावं.

प्रवेशाच्या अर्जांतही 'शिकत आहे', 'परीक्षेस बसला आहे' आणि 'निकालाच्या प्रतीक्षेत' या तीन पायऱ्या आहेत. तिन्हींना 'चालू' म्हटलं की छाननीत अर्ज अडकतो. बोनाफाईडवरचं 'शिकत आहे' हे त्यावरच्या तारखेपुरतंच खरं असतं.

आडवाट

एवढं सगळं झालं तरी 'चालू' या शब्दाची भीती वाटायचं खरं कारण कोणी बोललं नाही. 'चालू भागीदार' असं छापून आलेला मसुदा सहीला कसा न्यायचा?

शिरस्तेदार

'विद्यमान भागीदार' लिहा. भागीदारीत शब्दाचा आणखी एक सापळा आहे. ठराविक मुदतीची भागीदारी मुदत संपल्यावर नवा करार न करता तशीच चालू ठेवली, तर ती मर्जीनुसार भागीदारी होते, कलम १७(ब). मग कोणीही भागीदार नोटीस देऊन मोडू शकतो. भाडेपट्ट्याचेही तसेच: मुदत संपल्यावर मालकाने भाडे घेतले तर महिन्याचा किंवा वर्षाचा पट्टा सुरू झाला असे धरतात, वेगळा करार नसेल तर. 'मुदतवाढ' आणि 'नूतनीकरण' हे यासाठीच वेगळे ठेवायचे. मुदतवाढीत तोच करार पुढे जातो, नूतनीकरणात नवा दस्त होतो, मुद्रांक आणि नोंदणी नव्याने.

मसुदेकार

आता सेवा करारातलं शेवटचं कलम उरलं. करार संपल्यावरही चालू राहणाऱ्या जबाबदाऱ्या. 'खालील कलमे कायम राहतील' असं आहे आणि यादीत गोपनीयता, देणी, लवाद आणि स्पर्धा न करण्याचं कलम आहे.

तूर्तातूर्त

यादीतून चौथे काढा. करार संपल्यावर व्यवसाय किंवा नोकरी करण्यावर घातलेले बंधन करार अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे शून्य ठरते; 'कायम राहील' लिहून ते जिवंत होत नाही. बाकीच्या तिघांना एकच 'कायम' लावू नका. गोपनीयता: 'करार संपल्यापासून अमुक वर्षे'. देणी: 'करार संपण्यापूर्वी देय झालेली रक्कम फिटेपर्यंत'. लवाद: 'या करारातून उद्भवलेल्या प्रत्येक वादास, करार संपला असला तरी, लागू राहील'.

आणि हमीपत्राच्या तळाशी कोणी 'तहहयात' लिहिले असेल तर तेही तपासा. कोणाच्या हयातीपर्यंत, लिहून देणाराच्या की लिहून घेणाराच्या, हे त्याच ओळीत यायला हवे.

मसुदेकार

तळाशी 'तहहयात' आहेच. आणि कोणाच्या ते लिहिलेलं नाही.